मक्कळु एष्टु?

‘मक्कळु एष्टु?’ म्हणजे मुलं किती? बेंगळूरच्या यशवंतपुरात भाड्याचं घर शोधताना आईबाबांना घरमालकांचा पहिला प्रश्न हाच असायचा. भाडं, दहा महिन्यांचं ॲडव्हान्स, नळाची वेळ हे सगळं नंतर. आम्ही तीन भावंडं. ‘तीन’ म्हटलं की दार हळूच लोटलं जायचं. म्हणून घर बघायला निघताना आई मला, शेंडेफळाला, शेजारच्या मामींकडे ठेवून जायची.

बाबा मूळचे खानापूरचे. यशवंतपूरच्या आरएमसी यार्डात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, कांद्याच्या अडतीत हिशेब लिहायचे. महाराष्ट्रातून आलेल्या ट्रकवाल्यांशी मराठी आणि हमालांशी कन्नड बोलण्यात त्यांचा दिवस जायचा. आम्ही वठारात राहायचो. एका अंगणाभोवती ओळीनं खोल्या, नळ एक, संडास सामाईक. सगळ्या बिऱ्हाडांच्या मुलांना खेळायला तेवढंच अंगण, आणि तिथेच दोऱ्यांवर धुणं. ओल्या लुगड्याला चेंडूचा डाग पडला की त्या दिवसाचा खेळ संपला.

अशा दिवसांत बाबांनी साइटचा अर्ज आणला. बेंगळूरमध्ये प्लॉटला साइट म्हणतात, आणि सरकारी साइट लागणं हे तिथल्या मध्यमवर्गाचं आयुष्यभराचं स्वप्न असतं. या साइटची कथा प्लेगपासून सुरू होते. 1896 मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग 1898 मध्ये बेंगळूरला पोचला. मुंबईत त्यातून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आल्या. बेंगळूरात बसवनगुडी आणि यशवंतपूरला लागून असलेलं मल्लेश्वरम वसलं. रुंद रस्ते, घरामागे सफाईची गल्ली, भोवती मोकळी हवा. आखणी शहाणपणाची होती, पण ब्लॉक वाटले गेले ते जातीधर्म पाहून. घरात मुलं किती, हा विचार त्या वाटणीत नव्हता.

1945 च्या कायद्यानं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड आलं. यशवंतपूरच्या दक्षिणेला राजाजीनगर उभं राहिलं. 1976 मध्ये बोर्डाची जागा विकास प्राधिकरणानं, लोकांच्या तोंडच्या बीडीएनं, घेतली. 1984 मध्ये साइट वाटपाचे नियम झाले. निवड करताना काय पाहायचं याची त्यांत यादी आहे, आणि तिची सुरुवात अशी: अर्जदार विवाहित आहे की एकटा, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं आहेत का. त्यानंतर उत्पन्न आणि घर बांधण्याची ऐपत, वाट पाहण्यात गेलेली वर्षं, आधीचं घर किंवा साइट नसणं, आणि किती वेळा अर्ज केला ते.

ती संध्याकाळ मला आठवते. बाबांनी हे कलम आधी कन्नडमध्ये मोठ्यानं वाचलं, मग आईला मराठीत समजावून सांगितलं. आई म्हणाली, “परत वाचा बघू.” मग पाटावर कागद ठेवून बाबांनी हिशेबाच्या वळणदार अक्षरात आमची नावं लिहिली. शेवटी माझं. ज्या लेकराला घर मिळावं म्हणून लपवावं लागत होतं, त्याचीच घरासाठी नोंद होत होती. प्रश्न तोच होता, मुलांचा. पण मालक तो नाकारण्यासाठी विचारायचा, नियम देण्यासाठी विचारत होता.

चौथ्या अर्जाला आम्हाला वीस बाय तीस फुटांची साइट लागली. दहा वर्षांचा लीज-कम-सेल करार झाला, म्हणजे आधी भाडेपट्टा, मग मालकी. त्या नियमाचं ऋण मी विसरणार नाही. पण त्याची मर्यादाही दिसते. मुलांच्या कलमाला लागूनच ऐपतीचं कलम आहे. आमच्या वठारातल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला चार मुलं होती, पण पैसा गाठीला नव्हता. तिनं अर्जच आणला नाही. कोपऱ्यावरच्या साइट तर लिलावानंच जातात. तिथे बोली मोजतात, मुलं नव्हे.

शिवाय मुलाला नुसत्या चार भिंती पुरत नाहीत. बीडीए कायद्यानं प्रत्येक लेआउटमध्ये किमान 15 टक्के जागा उद्यानं आणि मैदानांसाठी, आणि वर किमान 10 टक्के नागरी सुविधांसाठी ठेवावी लागते. ही जागा राखायला लोकांना लढावं लागलं आहे. यशवंतपूरपासून जवळच, राजमहाल विलास एक्स्टेन्शनमध्ये, उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली गेली, तेव्हा रहिवासी कोर्टात गेले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. इस्पितळ चांगलं काम करतं, हे कुणी नाकारत नाही. पण मुलांच्या वाट्याचं मैदान परस्पर दुसऱ्याला देण्याचा हक्क कुणालाच नाही.

मला वाटतं, घरवाटपाचा न्याय या दोन गोष्टींवर तपासावा. मुलं असलेल्या गरिबाला, मालकीची ऐपत नसली तरी, भाड्यानं का होईना, हक्काचं छप्पर आहे का? आणि त्या छपरापासून पायी जाण्याच्या अंतरावर खेळायला जमीन आहे का?

आणि तुमच्याकडे भाड्यानं द्यायला खोली असेल, तर एवढंच करा. दारात आलेल्या आईला मुलं किती हे विचारायचंच असेल, तर आधी तिला आत बोलवा, पाणी द्या, आणि मग विचारा.