छत्र्या राजांच्या, शाळा मास्तरांची

इंदूरला जाणारा मराठी माणूस राजवाडा पाहतो, सराफ्यात खातो आणि परततो. छत्रीबागेकडे सहसा कोणी वळत नाही. होळकर घराण्यातल्या माणसांच्या स्मरणार्थ बांधलेल्या छत्र्या तिथं आहेत, त्याच भागात व्यंकटेशाचं देऊळही आहे. दगडातलं ते कोरीव काम पाहताना माझ्या मनात आलं, की याच दरबाराच्या पैशानं आणखी एक गोष्ट उभी राहिली होती, आणि तिला छत्री नाही.

1926 साली तुकोजीराव (तिसरे) गादीवरून पायउतार झाले. मुलगा यशवंतराव अजून शिकत होता, त्याला पूर्ण अधिकार मिळाले ते 1930 मध्ये. मधल्या काळात दिवाण सिरेमल बापना आणि मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. याच दिवसांत, 1927 साली, इंदूरची सरकारी चित्रशाळा सुरू झाली. ती चालवली द. दा. देवळालीकर या चित्रकारानं.

त्यांचे विद्यार्थी पाहा. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचेच, जन्म 1910. दे. ज. जोशी महेश्वरचे. विष्णू चिंचाळकर पुढं वाळकी पानं, लाकडाचे तुकडे, टाकाऊ वस्तू यांतून चित्रं घडवू लागले आणि सगळ्या इंदूरचे ‘गुरुजी’ झाले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही इथल्या वर्गात येत. मुलाला चित्रकार होऊ द्या, हे बेंद्र्यांनी आपल्या वडिलांना पटवलं, अशी आठवण हुसेन सांगत असत. म्हणजे शाळेतला थोरला विद्यार्थी धाकट्याची वकिली करत होता. असं वातावरण सरकारी हुकमानं तयार होत नाही, ते मास्तरच तयार करतो.

या मंडळींची निसर्गचित्रं पाहिली, की शिक्षणाची रीत लक्षात येते. घराबाहेर पडायचं, घाट, गल्ली, बाजार समोर ठेवून रंगवायचं, जाड रंगाच्या मोकळ्या फटकाऱ्यांनी ऊन पकडायचं. बेंद्र्यांनी 1933 साली मुंबईची सरकारी पदविका घेतली ती या पायावर.

आता दुसरी बाजू. यशवंतरावांनाही कलेची मोठी हौस होती. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, शिल्पकार ब्रांकुशीकडून तीन ‘पक्षी’ घेतले. त्यांच्यासाठी मंदिर बांधायचं ठरलं, ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला, पण मंदिर झालं नाही. त्यातले दोन संगमरवरी पक्षी 1973 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं विकत घेतले. माणिकबागेत आज केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे.

राजाची दृष्टी खोटी होती असं नाही. पण जगभर गाजलेली खरेदी गावात उरली नाही, आणि एका मास्तरच्या पगारावर झालेला खर्च उरला. बेंद्रे 1950 साली बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवायला गेले आणि 1966 पर्यंत तिथं राहिले. इंदूरचं बी बडोद्यात रुजलं ते असं.

याची किंमत मात्र शिकवणाऱ्यानं मोजलेली असते. हजेरी, परीक्षा, मंजुरीचे कागद यांत चित्रकाराची सकाळ जाते, आणि चित्रकाराला सकाळचाच उजेड हवा असतो. आपल्या गोव्यात मडगावच्या लक्ष्मण पै यांनी 1977 ते 1987 कला महाविद्यालयाचं प्राचार्यपद सांभाळलं. पॅरिसमध्ये राहून आलेल्या माणसानं दहा वर्षं सरकारी खुर्चीत काढणं ही काही लहान गोष्ट नव्हे. पैंची चित्रं तरी आपल्याला ठाऊक आहेत. देवळालीकरांचं एखादं चित्र डोळ्यांपुढं आणा म्हटलं तर बहुतेकांना जमणार नाही.

इंदुरात त्यांच्या नावाची कला वीथिका आहे. बाहेरून आलेल्याला ते नाव कुणाचं हे विचारावं लागतं. उत्तर देणाऱ्यानं बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर एवढी तीन नावं घेतली तरी पुरे.