प्लेस्टेशनच्या सुधारित आवृत्त्या : वजाबाकीचा इतिहास

व्हिडिओ गेमचा कन्सोल, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून प्रामुख्याने खेळ खेळण्यासाठी वापरला जाणारा संगणक, हा घरगुती संगणकापेक्षा एका मूलभूत बाबतीत वेगळा असतो. घरगुती संगणकाची नवी आवृत्ती अधिक वेग आणि अधिक मेमरी देऊ करते. कन्सोलच्या बाबतीत मात्र एका पिढीच्या आयुष्यात यंत्राची ताकद वाढवण्याची मुभा उत्पादकाला दीर्घकाळ जवळपास नव्हतीच, कारण पहिल्या दिवशी विकलेल्या यंत्रावर जो खेळ चालतो तो शेवटच्या दिवशी विकलेल्या यंत्रावरही तसाच चालला पाहिजे, असा अलिखित करार उत्पादक, खेळ रचणाऱ्या कंपन्या आणि गिऱ्हाईक यांच्यात असे. त्यामुळे त्याच पिढीची नवी आवृत्ती निघे ती मुख्यतः निर्मितीचा खर्च उतरवण्यासाठी, आणि खर्च उतरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जे फारसे कोणी वापरत नाही ते काढून टाकणे. सोनी या जपानी कंपनीच्या प्लेस्टेशनचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर तो सुधारणांइतकाच वजाबाकीचाही इतिहास ठरतो.

या यंत्राचा उगम सोनी आणि निन्टेन्डो यांच्या फिसकटलेल्या भागीदारीत आहे. निन्टेन्डोच्या कन्सोलला सीडी वाचणारा जोड द्यावा, असा दोन्ही कंपन्यांचा करार होता. परंतु जून 1991 मध्ये शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने आपल्या यंत्राची घोषणा केल्यावर दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली, आणि केन कुतारागी या अभियंत्याच्या आग्रहाने सोनीने स्वतःचा स्वतंत्र कन्सोल उभारण्याचे ठरवले. तो 3 डिसेंबर 1994 रोजी जपानमध्ये 39,800 येन किमतीला विक्रीस आला. या पहिल्या नगाची मागची बाजू जोडण्यांच्या खोबण्यांनी, म्हणजे पोर्टांनी, गजबजलेली होती: चित्र आणि ध्वनी यांच्यासाठी वेगवेगळी आउटपुट होती, दोन यंत्रे एकमेकांना जोडून खेळण्यासाठी सीरियल पोर्ट होता आणि पुढेमागे एखादे उपकरण जोडता यावे म्हणून पॅरलल पोर्टही होता.

त्या पॅरलल पोर्टाचे जे झाले ते बोधक आहे. सोनीने त्याचा फारसा उपयोग केला नाही. उपयोग केला तो खेळात अमर्याद जीव किंवा शस्त्रे मिळवून देणारी उपकरणे विकणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनी. 1999 च्या सुमारास निघालेल्या आवृत्तीत हा पोर्ट नाहीसा झाला, आणि 7 जुलै 2000 रोजी आलेल्या ‘पीएस वन’ या लहानशा, गोलसर कडांच्या आवृत्तीत सीरियल पोर्टही उरला नाही, ज्यामुळे दोन यंत्रे जोडून खेळायचे मोजके खेळ त्या पद्धतीने तिच्यावर खेळता येईनात. हे खरे असले तरी जुन्या नगाची बाजू घेताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. सुरुवातीच्या आवृत्त्यांत सीडी वाचणारा लेझरचा भाग प्लॅस्टिकच्या रुळावर सरकत असे, तो रूळ वीजपुरवठ्याच्या उष्णतेजवळ असल्याने झिजे किंवा वाकडा होई, आणि मग खेळणारे यंत्र आडवे, उभे, अगदी उलटेसुद्धा ठेवून चालवण्याची खटपट करीत. नंतरच्या आवृत्त्यांत लेझरची जागा बदलल्यावर हा दोष बराच कमी झाला. ज्या पहिल्या आवृत्त्यांचा संगीतप्रेमींनी पुढे उत्तम सीडी प्लेअर म्हणून गौरव केला, त्याच आवृत्त्या सीडी वाचण्याच्या कामी सर्वांत नाजूक होत्या, हा त्यांच्या कीर्तीतला विरोधाभास आहे.

‘पीएस वन’ बाजारात आला तेव्हा ‘प्लेस्टेशन 2’ जपानमध्ये 4 मार्च 2000 रोजीच येऊन गेला होता. त्याच्या रचनेतील सर्वांत हुशारीचा निर्णय जुन्या यंत्राशी नाते टिकवण्याचा होता. नव्या यंत्रावर आधीच्या पिढीचे खेळ चालण्याच्या सोयीला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. ती देण्याचे दोन मार्ग असतात, एक म्हणजे जुन्या यंत्राची चिप प्रत्यक्ष नव्यात बसवणे, आणि दुसरा म्हणजे जुन्या चिपच्या वागण्याची नक्कल सॉफ्टवेअरकडून करवून घेणे, ज्याला एम्युलेशन म्हणतात. सोनीने पहिला मार्ग असा धरला की त्याचा वेगळा भार पडू नये: पहिल्या प्लेस्टेशनचा मुख्य प्रोसेसर नव्या यंत्रात कंट्रोलर, मेमरी कार्ड आणि इतर जोडण्यांची देखरेख करण्याच्या दुय्यम कामावर नेमला गेला, आणि जुनी सीडी घातली की तोच पुन्हा मुख्य प्रोसेसर होई. अडगळ म्हणून नव्हे, तर रोजच्या कामाचा गडी म्हणून जुने यंत्र नव्यात राहिले, आणि म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. 2005 च्या सुमारास मात्र तोही बदलला गेला; त्याच्या जागी त्याची नक्कल करणारी वेगळी चिप आली, आणि मोजके जुने खेळ कुरकुरू लागले.

प्लेस्टेशन 2 च्या दोन रूपांना खेळणाऱ्यांनीच ‘फॅट’ आणि ‘स्लिम’ अशी नावे दिली. मूळ जाड यंत्र 7.8 सेंटिमीटर उंचीचे होते; 2004 मध्ये आलेले बारीक यंत्र 2.8 सेंटिमीटरचे. ही किमया मुख्यतः चिप आकुंचनाची होती. चिपवरील ट्रान्झिस्टर अधिकाधिक सूक्ष्म होत गेले की तेच काम लहान जागेत, कमी विजेत आणि कमी उष्णतेत होते. त्यामुळे दोन स्वतंत्र चिपांचे एकत्रीकरण करता आले, पंखा लहान झाला आणि वीजपुरवठ्याचा ठोकळा सुरुवातीला यंत्राबाहेर काढला गेला. इंटरनेटसाठी लागणारा ईथरनेट पोर्ट, जो जाड यंत्राला वेगळा विकत घेऊन लावावा लागे, तो स्लिममध्ये अंगचाच आला, ही खरी भर होती. पण जाड यंत्राच्या मागे हार्ड डिस्क बसवण्यासाठी असलेला कप्पा गेला, आणि त्याच्याबरोबर ‘फायनल फॅन्टसी 11’ हा हार्ड डिस्कवाचून न चालणारा ऑनलाइन खेळही स्लिमच्या मालकांना अधिकृतपणे दुरावला. इंटरनेटची वाट रुंद करणाऱ्या आवृत्तीनेच इंटरनेटवरचा एक प्रमुख खेळ गमवावा, हे हिशेबनिसाला पटले असेल, खेळणाऱ्याला पटणे कठीण होते.

भारतात आवृत्त्यांमधील फरकाला आणखी एक, फारसा प्रतिष्ठित नसलेला अर्थ होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत नक्कल केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून यंत्रात एक जादा चिप बसवून दिली जाई, आणि ती चिप प्रत्येक आवृत्तीच्या सर्किट बोर्डानुसार वेगळी लागत असल्याने यंत्राखाली छापलेल्या मॉडेल क्रमांकाला इथे व्यावहारिक महत्त्व होते. स्वस्त झालेला प्लेस्टेशन 2 भारतात दीर्घकाळ चालला. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने रचलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ 2009 मध्ये आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ 2010 मध्ये याच यंत्रासाठी निघाला, म्हणजे जगात पुढची पिढी येऊन तीन-चार वर्षे उलटल्यावर. या यंत्राचे उत्पादन थांबल्याचे वृत्त जानेवारी 2013 चे आहे.

पुढची पिढी, म्हणजे ‘प्लेस्टेशन 3’, ही वजाबाकी सर्वांत उघडपणे दाखवते. नोव्हेंबर 2006 मध्ये जपान आणि अमेरिकेत आलेल्या यंत्रात प्लेस्टेशन 2 च्या मुख्य चिपा सगुण साकार बसवलेल्या होत्या, तरीही अमेरिकेत मोठ्या आवृत्तीची 599 डॉलर ही किंमत तोट्याचीच होती. मार्च 2007 मध्ये युरोपात गेलेल्या यंत्रातून त्यांतली प्रोसेसरची चिप काढून तिचे काम एम्युलेशनवर सोपवले गेले, आणि त्याच वर्षाअखेरीस आलेल्या 40 गिगाबाइटच्या स्वस्त आवृत्तीत प्लेस्टेशन 2 चे खेळ चालण्याची सोय पूर्णतः संपली. जोडीला चार यूएसबी पोर्टांचे दोन झाले आणि मेमरी कार्ड वाचणाऱ्या खाचा गेल्या. अवघ्या वर्षभरात एकाच नावाची, दिसायला जवळजवळ सारखी तीन वेगवेगळ्या क्षमतेची यंत्रे बाजारात होती. जुन्या पूर्ण यंत्राला नंतर मोल आले, पण ते जपणे सोपे नव्हते, कारण तेच सर्वांत जास्त तापणारे आणि पिवळा दिवा लावून कायमचे बंद पडण्याबद्दल कुप्रसिद्ध झालेले यंत्र होते.

त्याहून गंभीर प्रकरण दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे होते. प्लेस्टेशन 3 वर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवण्याची सोय सोनीने स्वतःच दिली होती, आणि त्या यंत्राच्या ‘सेल’ नावाच्या प्रोसेसरची ताकद स्वस्तात मिळत असल्याने वैज्ञानिकांनी ती उचलली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ येथील गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञाने 2007 मध्ये असे काही कन्सोल जोडून कृष्णविवरांच्या गणितासाठी संगणक उभा केला, आणि अमेरिकी हवाई दलाच्या संशोधनशाळेने 2010 मध्ये सुमारे 1,700 कन्सोलांचा संच जाहीर केला. सप्टेंबर 2009 च्या स्लिम आवृत्तीत ही सोय नव्हती, इथवर नेहमीचीच रीत होती. परंतु एप्रिल 2010 मध्ये सुरक्षेचे कारण देऊन सोनीने इंटरनेटवरून धाडलेल्या सॉफ्टवेअर अद्ययावतीकरणाने ती आधी विकलेल्या यंत्रांतूनही काढली. अद्ययावतीकरण नाकारणाऱ्याला ऑनलाइन खेळ नाकारले गेले. तोवर जुनी आवृत्ती सांभाळून ठेवणाऱ्याजवळ जे होते ते त्याचेच राहत असे. या निर्णयाने जुन्या आणि नव्या आवृत्तीतली ती सीमाच पुसली, आणि ग्राहकांनी त्याविरुद्ध अमेरिकेत सामूहिक दावा लावला.

2016 च्या ‘प्लेस्टेशन 4 प्रो’ने पिढीच्या मध्यावर अधिक ताकदीचे यंत्र आणून जुना अलिखित करार सैल केला, तरी सामान्य आवृत्त्यांमधील काटछाट थांबली नाही. ‘प्लेस्टेशन 5’ हा बहुतेक प्लेस्टेशन 4 च्या डिस्क वाचतो. पण 2023 च्या बारीक आवृत्तीत डिस्क ड्राइव्ह काढता-घालता येणारा झाला, नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या ‘प्लेस्टेशन 5 प्रो’बरोबर तो मिळतच नाही, स्वतंत्र विकत घ्यावा लागतो, आणि तो यंत्राला पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून सोनीकडे नोंदवल्याखेरीज कपाटात ठेवलेली जुनी डिस्क त्यावर चालत नाही.