तीन रुपये पगार आणि न मिळालेली कप्तानी

भारतीय क्रिकेटचा इतिहास आपण बहुधा राजेरजवाड्यांपासून सांगू लागतो. मला तो एका पगारापासून सांगावासा वाटतो: महिना तीन रुपये. पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडणे, रूळ फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणे, एवढ्या कामाचे बाळू पालवणकर या पोराला तेवढे मिळत. आपल्याकडच्या अगदी पहिल्या व्यावसायिक खेळाडूंपैकी एकाची ही सुरुवात.

आम्हां हिंगोलीकरांना छावणी हा शब्द नवा नाही. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथेच होती. छावणी म्हटली की साहेबांचे खेळ आले आणि त्या खेळांसाठी राबणारे हातही आले. बाळूंचे हात त्यांतलेच. 1875-76च्या सुमारास धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुढे चार रुपयांवर युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तिथे कॅप्टन ग्रेग यांना ते तासन्‌तास सरावाचे चेंडू टाकत. त्रिफळा उडवला की ग्रेग आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची हौस, गोलंदाजी ही नोकराची मेहनत. डावखुऱ्या फिरकीवरची त्यांची हुकमत या मेहनतीतून आली, असे माझे मत आहे.

ती हुकमत पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले; पण चहापानाच्या वेळी सवर्ण खेळाडू आत, कपबशीत चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. विटाळ चेंडूला नव्हता, चहाला होता! 1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांचा संघ बहुतेक सामने हरला. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र शंभरावर बळी घेतले.

तरीही कप्तानी नाही. 1913 साली कप्तान झालेल्या पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, असे जाहीरपणे सांगितले. 1920 मध्ये, तेही बराच वाद झाल्यावर, त्यांना उपकप्तानपद मिळाले. अखेर 1923 साली धाकटे बंधू विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली.

कौशल्य विकत घेता येते, म्हणून समाजाने ते लवकर मान्य केले. नेतृत्व मान्य करायचे तर त्या माणसाचा हुकूम ऐकावा लागतो. तिथे पाय अडखळले. बाळूंची कारकीर्द बळींच्या आकड्यांवरून मोजली जाते. तीन रुपयांच्या पगारापासून धाकट्या भावाच्या कप्तानीपर्यंत जी तीसेक वर्षे गेली, तीही त्या हिशेबात धरली पाहिजेत. ती वर्षे बाळूंच्या नव्हे, आपल्या खात्यावर पडतात.