हिवाळ्यात गावाजवळच फोटोग्राफी: मोबाइलवर पक्षी, धुके, जंगल टिपताना काय करावे, काय टाळावे

चंद्रपूर/गडचिरोली : दिवाळी आटोपली, धान कापून झाला, बांध्या मोकळ्या झाल्या की या दोन जिल्ह्यांचे रूपच बदलते. सकाळी तलावावर धुके, बांधीत धानाचे पुंजणे, पाण्यावर परदेशी बदकांचे थवे. यासाठी ताडोब्याच्या सफारीचे तिकीट लागत नाही की महागडा कॅमेराही लागत नाही. खिशातला मोबाइल, थोडा धीर आणि पहाटे उठायची तयारी एवढे पुरते.

पण हा भाग वाघ, बिबट, अस्वल आणि आता रानटी हत्तींचाही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील आबापूरच्या जंगलात रानटी हत्तीसोबत सेल्फी घ्यायला गेलेल्या एका तरुण मजुराचा जीव गेला. त्यामुळे फोटो कसा काढायचा याबरोबरच कुठे थांबायचे, हेही माहीत असायला हवे.

वेळ कोणती चांगली?

डिसेंबरअखेर चंद्रपूर परिसरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी पावणेसहाच्या आत मावळतो. सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास आणि सूर्यास्ताआधीचा तास हा फोटोसाठी सोन्याचा वेळ. तेव्हा ऊन तिरपे आणि पिवळसर असते, सावल्या लांब पडतात आणि पक्ष्यांच्या पिसांचे रंग खुलतात. दुपारी ऊन डोक्यावर आले की फोटो पांढरट, भगभगीत येतो.

धुके बहुतेक वेळा नदी, तलाव आणि ओल्या बांध्यांवर धरते. रात्री आभाळ मोकळे आणि वारा पडलेला असेल, तर सकाळी धुके मिळण्याची शक्यता जास्त. ऊन वर आले की ते विरते, म्हणून आधीच जागा धरून बसावे. मात्र अंधारात एकट्याने तलावाकडे किंवा जंगलाकडे निघू नये. पुरते उजाडल्यावर, सोबत कोणीतरी घेऊनच जावे. पहिल्या दहा मिनिटांचा उजेड हुकला तरी चालेल.

कुठे जायचे?

सुरुवात सांदवाडीपासूनच करावी. दव पडलेले कोळ्याचे जाळे, जवसाची निळी फुले, तुरीच्या शेंगांवरची फुलपाखरे, शेकोटीभोवती बसलेली म्हातारी मंडळी हेही हिवाळ्याचेच फोटो आहेत.

त्यानंतर गावचा तलाव. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव आणि बोड्या, हिवाळ्यात पक्ष्यांनी भरून जातात. मोठ्या पाण्यापैकी नागभीड तालुक्यातील घोडाझरी, सावली तालुक्यातील असोलामेंढा आणि चंद्रपूरजवळचे इरई धरण व जुनोना तलाव ओळखीचे आहेत. यातला काही भाग अभयारण्यात किंवा ताडोब्याच्या बफरमध्ये येतो. त्यामुळे काठावर उतरण्याआधी वनरक्षकाला विचारून घ्यावे.

नद्यांची तर दोन्ही जिल्ह्यांत रेलचेल आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर मार्कंड्याचे जुने दगडी देवालय आहे. तिथे नदी उत्तरेकडे वाहते आणि सकाळच्या उन्हात मंदिरावरचे कोरीवकाम उठून दिसते. चपराळा अभयारण्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. सिरोंचा तालुक्यात सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते. पावसाळ्यात रस्ते अडवणाऱ्या या नद्या हिवाळ्यात शांत आणि निवळ असतात, काठावर वाळू उघडी पडते.

जंगलाचा फोटो हवा असेल तर आलापल्लीचे 'वनवैभव' आहे. जुन्या, उंच सागवानाचा हा छोटासा राखीव भाग २०१४ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. अहेरी तालुक्यात कमलापूरला शासकीय हत्ती कॅम्प आहे. तिथले हत्ती माणसाळलेले आहेत, तरी माहुताच्या सांगण्याप्रमाणेच उभे राहावे.

कोणते पक्षी दिसतात?

हिवाळ्यात हिमालयापलीकडून आणि मध्य आशियातून पाहुणे येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हा हंसाच्या जातीचा पक्षी हिमालय ओलांडून येतो. नारिंगी-बदामी रंगाचा चक्रवाक जोडीने दिसतो. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, काळे अंग आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरी हेही मोठ्या पाण्यावर असतात. अंगणात शेपटी वरखाली करत फिरणारा धोबी, कुंपणावर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिऱ्या हेही हिवाळ्याचे पाहुणेच.

आपले कायमचे रहिवासी वेगळे. विजेच्या तारेवर बसणारा निळकंठ, वेडा राघू, शिंगाड्याच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, शिट्टी मारत उडणारी अडई. मोबाइलवर शिकायचे तर आधी यांचेच फोटो काढावेत. निळकंठ एकाच जागी बराच वेळ बसतो, त्यामुळे नवशिक्याला सराव होतो.

राज्यप्राणी शेकरू गडचिरोलीच्या दक्षिण भागातील उंच झाडांवर आढळतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. शेंड्यांकडे लक्ष ठेवावे आणि फांद्या हलल्या की थांबावे.

मोबाइलवर फोटो कसा काढावा?

• लेन्स पुसा. खिशातला मोबाइल तेलकट, धुळकट असतो. मऊ सुती कापडाने लेन्स पुसली तरी अर्धे काम होते. थंडीत लेन्सवर दव धरते, तेव्हा पुन्हा पुसावी.

• झूम कमी वापरा. बोटांनी ताणून केलेला झूम म्हणजे फोटो मोठा करून कापणेच असते, त्यात फोटो फाटतो. मोबाइलला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर तेवढाच झूम वापरावा. नसेल तर पक्षी छोटा येऊ द्यावा आणि आजूबाजूचा तलाव, झाड, धुके फोटोत घ्यावे. असा फोटो बहुधा जास्त चांगला दिसतो.

• उजेड कमी करा. स्क्रीनवर पक्ष्यावर बोट टेकवले की फोकस होतो आणि बाजूला छोटा सूर्य दिसतो. तो थोडा खाली ओढावा. पांढरा बगळा किंवा धुके यांचा फोटो असा केला नाही तर सगळे पांढरेफटक येते.

• सूर्य कुठे आहे ते बघा. पक्ष्याचा रंग हवा असेल तर सूर्य पाठीमागे ठेवावा. पुंजणे, ताड किंवा होडी यांची काळी आकृती हवी असेल तर सूर्य समोर ठेवावा.

• मोबाइल टेकवा. हात हलला की कमी उजेडात फोटो हलतो. झाडाचे खोड, बांध, सायकलचे सीट, कशाचाही आधार घ्यावा.

• ग्रिड सुरू करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड असते. आडव्या रेषेवर पाण्याचा काठ ठेवला की तलाव तिरपा येत नाही.

• फ्लॅश बंद, आवाज बंद. दोन्हींमुळे पक्षी उडतात. रात्री प्राण्यांच्या डोळ्यांवर उजेड टाकणे तर चुकीचेच.

घरात दुर्बीण असेल तर तिच्या एका डोळ्याला मोबाइलची लेन्स लावून दूरच्या पक्ष्याचा फोटो घेता येतो. थोडा सराव लागतो, पण ओळख पटण्यापुरता फोटो मिळतो.

पक्षी उडवून फोटो नको

उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून काही पोरे पाण्यात दगड मारतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला इथे खाऊन अंगात चरबी साठवायची असते, परतीच्या प्रवासाची तीच शिदोरी. त्याला पुन्हा पुन्हा उडवले की ती खर्च होते आणि काही दिवसांत थवा तलाव सोडून जातो. पक्षी मान ताठ करून बघू लागले, हळूहळू दूर पोहू लागले की समजावे, आपण फार जवळ आलो. तिथून दोन पावले मागे घ्यावीत. एकाच जागी शांत बसले तर पक्षी आपसूक जवळ येतात.

जीव आधी, फोटो नंतर

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि तेव्हापासून या भागात हत्तींचा वावर आहे. हत्ती दिसायला संथ असला तरी माणसापेक्षा वेगाने धावतो. कळप गावाजवळ आल्याचे कळले की तिकडे मोबाइल घेऊन पळायचे नाही, उलट दिशेने जायचे आणि वनविभागाला कळवायचे.

वाघ-बिबट नेहमी घनदाट जंगलातच असतात असे नाही. उभी तूर, कपाशी, नाल्याकाठची झुडपे यांतही ते दडून बसतात. माकडांचा खकार किंवा चितळांचे ओरडणे सतत ऐकू आले तर पुढे जाऊ नये. ताजे पगमार्क दिसले तर त्यांचा माग काढू नये. शिकार केलेल्या जनावराजवळ तर अजिबात थांबू नये, वाघ जवळपासच असू शकतो.

अस्वल बोरीच्या झुडपात, वारुळाजवळ अचानक समोर येते. हिवाळ्यात मादीसोबत लहान पिल्ले असू शकतात, म्हणून खडकाच्या कपारीत किंवा गुहेत डोकावू नये.

रस्त्यावर वाघ आडवा आला तर गाडीतून उतरू नये, चारचाकी असेल तर काचा बंद ठेवाव्यात. दुचाकी असेल तर दूरच थांबून हळूहळू मागे फिरावे. वाघाच्या मागेपुढे गाड्या लावून त्याची वाट अडवणे हा तर गुन्हाच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांना असेच घेरले होते. त्या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. ताडोब्याच्या कोअर भागात सफारीला मोबाइल नेण्यास डिसेंबर २०१८ पासून बंदी आहे. ड्रोन तर परवानगीशिवाय जंगलावर उडवूच नये, त्याच्या आवाजाने प्राणी बिथरतात.

घोरपड, अजगर, कासव हातात धरून काढलेला फोटो अनेकजण हौसेने स्टेटसला ठेवतात. असा फोटो म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेला पुरावाच. घोरपड आणि अजगर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास किमान ३ ते जास्तीत जास्त ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि प्राणी पकडणे हेसुद्धा कायद्याने शिकारीतच मोडते.

गडचिरोलीत पोलिस मदत केंद्रे आणि सुरक्षा दलांचे कॅम्प यांचे फोटो काढू नयेत. माडिया-गोंड गावांत माणसांचे, गोटुलाचे, देवस्थानाचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. तलावावर जाळे टाकणाऱ्या ढिवर बांधवांनाही आधी विचारावे, आणि फोटो काढल्यावर त्यांना दाखवावा, पाठवावा.

लोकेशन टाकताना सावध

जानेवारी २०२५ मध्ये राजुरा तालुक्यात वाघांची शिकार करणाऱ्या आंतरराज्य टोळीच्या म्होरक्याला वनविभागाने पकडले. म्हणजे वाघ कुठे फिरतो याची माहिती शोधणारे लोक आपल्याच भागात येऊन राहू शकतात. म्हणून वाघ, बिबट, घुबडाची ढोली किंवा कोणत्याही पक्ष्याचे घरटे यांचा फोटो टाकताना गाव, नाला, कक्ष क्रमांक लिहू नये. तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे नाव पुरेसे आहे.

अनेकांच्या मोबाइलमध्ये 'जीपीएस मॅप कॅमेरा' हे ॲप असते. ते फोटोवरच ठिकाण आणि अक्षांश-रेखांश छापते. वन्यप्राण्यांसाठी ते वापरू नये. साध्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येही लोकेशनचा पर्याय असतो, तो बंद ठेवावा. व्हॉट्सॲपवर फोटो चांगल्या दर्जात जावा म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवला, तर त्यात दडलेले लोकेशनही सोबत जाते, हे ध्यानात असू द्यावे.

फोटो कामी कसा येतो?

जे ॲप वाघाच्या फोटोला नको, तेच नुकसानभरपाईला उपयोगी पडते. रानडुकरांनी धानाचे पुंजणे विस्कटले, हत्तींनी पीक तुडवले किंवा वाघाने बैल मारला, तर तारीख, वेळ आणि ठिकाण छापलेला फोटो सोबत असलेला बरा. एक फोटो दुरून काढावा, ज्यात शेताची ओळख पटेल, आणि एक जवळून. जनावराच्या कानातला बिल्ला दिसेल असाही एक असावा. मात्र हे फोटो चार-पाच जणांनी मिळून, उजेडात आणि आजूबाजूला धोका नाही याची खात्री करूनच काढावेत.

पाळीव जनावर मारले गेल्यास ४८ तासांच्या आत आणि पिकाचे नुकसान झाल्यास ३ दिवसांच्या आत जवळच्या वनअधिकाऱ्याला कळवावे लागते. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नये. फोटो हा पंचनाम्याला पर्याय नाही, पण त्याला आधार नक्की आहे.

पक्ष्यांचे फोटोही वाया जात नाहीत. 'मर्लिन' हे मोफत ॲप फोटो आणि आवाजावरून पक्षी ओळखायला मदत करते. 'ई-बर्ड'वर आपल्या तलावाची नोंद करता येते. राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, अरण्यऋषी मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांमधला. फेब्रुवारीत चार दिवस जगभर 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो. किमान १५ मिनिटे पक्षी मोजून कोणालाही त्यात भाग घेता येतो, शाळेतल्या मुलांनाही. गावच्या तलावावर कोणते पक्षी येतात याची चार-पाच वर्षांची नोंद असली, तर उद्या तलावाचे खोलीकरण, अतिक्रमण किंवा गाळाचा प्रश्न आला की ग्रामसभेत दाखवायला हातात काहीतरी असते.

थोडक्यात

• उजाडल्यावर, सोबतीने जावे. घरी सांगून जावे.
• वाघ, हत्ती, अस्वल दिसले तर मोबाइल खिशात, पाय मागे.
• पक्षी उडवू नये, घरट्याजवळ जाऊ नये.
• वन्यप्राण्याच्या फोटोसोबत नेमके ठिकाण टाकू नये.
• जखमी प्राणी, गावात शिरलेला वन्यप्राणी किंवा शिकारीचा संशय असल्यास वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' टोल फ्री क्रमांक १९२६ वर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवावे.