तेल बंद करावे का?

नेवाशात एका शिक्षिकेने विचारले, “वजन उतरवायचे तर तेल बंदच करू का?” याच गावी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेतला युक्ताहार मराठीत सांगितला, पण ‘युक्त’ म्हणजे किती, हे मोजायला प्रयोगशाळा लागली. अमेरिकेत ॲटवॉटर यांच्या मोजणीतून आकडे आले: एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी, पिष्टातून ४. तेल बदनाम व्हायला एवढे पुरले! मात्र १९२९ मध्ये जॉर्ज व मिल्ड्रेड बर यांनी उंदरांना स्निग्धांशविरहित आहार दिला, तेव्हा कातडी खवलेदार झाली, वाढ खुंटली. लिनोलिक आम्ल मिळताच ते सावरले. बाईंना म्हटले, दिवसाला १५०० किलोकॅलरी घेणार असाल तर चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम, स्निग्धांशाला द्या. दूध-शेंगदाण्यांतला वजा केला, की फोडणीला चारेक चहाचे चमचे उरतात.