रिप्रोड्यूस न होणारं भूत

आमच्या टीममधल्या टेस्टरने गेल्या महिन्यात एक बग टाकला: रात्री कधीतरी स्क्रीन गोठतो. मी तीनदा चालवून पाहिलं, काही झालं नाही. 'रिप्रोड्यूस होत नाही' असं लिहून तिकीट बंद केलं. काल रात्री महापेच्या ऑफिसात मी एकटाच असताना तोच स्क्रीन माझ्यासमोर गोठला. भीती वाटली, पण भुताची नाही. ती खरं सांगत होती आणि मी तिला वेड्यात काढलं होतं, याने चरकलो.

आज शनिवार. सकाळपासून जुने सिनेमे डोक्यात घोळतायत, कारण आपल्याकडचे भीतीचे सिनेमे बरेचदा याच प्रश्नावर उभे आहेत: ही बाई सांगतेय ते खरं मानायचं का?

सुरुवात मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या 'महल'पासून (१९४९) करू. ओसाड वाडा, अशोक कुमार आणि मधुबाला. दिग्दर्शक कमाल अमरोही आपल्याला बराच वेळ लटकवत ठेवतात: आत्मा की माणूस? आवाज आधी येतो, बाई नंतर दिसते, आणि दिसते न दिसते तोच नाहीशी होते. लताबाई सांगत, की लांबून जवळ येणारा आवाज मिळावा म्हणून त्या गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. गंमत म्हणजे रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पात्राचं! आवाज कुणाचा, हे कोडं थिएटरबाहेरही चालूच राहिलं. पडद्यावरचं भूत मात्र शेवटी माळ्याची मुलगी निघतं.

मग राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४), जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून. काशिनाथ घाणेकर आणि भावना. यात वाडा नाही, कोर्ट आहे. बायको गेलेली, आणि अगदी तिच्यासारखी दिसणारी आरोपी बाई वकील नवऱ्याला सांगते, मीच तुमची बायको! तिला घरातल्या खाजगी गोष्टीही ठाऊक. दिग्दर्शक एक पुरावा या पारड्यात टाकतो, दुसरा त्या पारड्यात. आपलं मन हेलकावे खात राहतं आणि ती अस्वस्थता कुठल्याही किंकाळीपेक्षा जास्त टिकते. यावरूनच १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' आला. शेवट माहीत नसेल तर पुढचं वाक्य गाळा: ती खरंच बोलत असते. पण दोन-अडीच तास आपण तिच्यावर संशय घेऊन बसलेलो असतो, त्याचं काय?

वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा'मध्ये (१९७६) प्रश्न आणखी जवळ येतो. आशा काळेंच्या नायिकेला भूत छळतंय की तिचंच डोकं फिरलंय? इथेही उलगडा होतो आणि तो माणसांच्या कारस्थानाचा असतो. दिवे लागले की प्रेक्षक हुश्श करून घरी.

विशाल फुरियाच्या 'लपाछपी'ने (२०१७) हे हुश्श काढून घेतलं. पूजा सावंतची गरोदर नायिका उसाच्या फडातल्या घरात राहायला येते. तिला खेळणारी मुलं दिसतात, इतरांच्या लेखी तिथे कुणीच नाही. अंधार लागत नाही, भर दिवसा ऊसच पुरतो: चार पावलांपलीकडचं दिसत नाही आणि सगळ्या वाटा सारख्याच. इथे भूत खरं आहे, पण त्याच्या मुळाशी नकोशा मुलींचे जीव आहेत. म्हणजे खरं भ्यायचं ते माणसांनाच. उलगडा होतो, सुटका होत नाही.

मला वाटतं, अनिश्चिततेची खरी ताकद इथे आहे. 'तिथे काय आहे' हा प्रश्न आपल्याला दोन तास घाबरवतो. 'सांगणारीवर मी विश्वास का ठेवला नाही' हा प्रश्न घरापर्यंत येतो.

असो. ते तिकीट मी पुन्हा उघडलंय. सोमवारी तिची माफी मागायची आहे, आणि एक कटिंगही देणं लागतो.