ठासणीच्या बंदुकीची कुळकथा

रोहे तालुक्यातील खांब हे गाव मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले असून, या पट्ट्यात काय किंवा खाली सावंतवाडीपर्यंत काय, भात पोटरीला आले की रानडुकरांच्या उपद्रवाची धास्ती लागते आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुकीची आठवण होते. दारू, बोळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावयाचे आणि केप बसवून घोडा पाडावयाचा, एवढीच जिची रीत, त्या या साध्या हत्याराचे कूळ मात्र थोर आहे. आणि त्या कुळाचे एक मूळपीठ याच वाटेने दक्षिणेस गेल्यावर, गोव्यात, सापडते.

1510 साली पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा जिंकला, तेव्हा तेथील बंदूक घडवणारे कारागीर त्याच्या अंमलाखाली आले. 1513 साली आपल्या राजाला लिहिताना, गोव्याच्या बंदुका युरोपात नावाजलेल्या बोहेमियाच्या कामाच्या तोडीच्या असून नळीचे बूड आट्यांनी आवळून बंद करण्याची युक्तीही येथल्या उस्तादांना अवगत आहे, असे कळवून त्याने एक गोवेकर उस्तादच पोर्तुगालला रवाना केला. पुढे 1543 साली पोर्तुगीजांनी जपानच्या तानेगाशिमा बेटावर नेलेल्या तोड्याच्या बंदुका, ज्यांच्यावरून जपानी लोहारांनी आपल्या बंदुका घडवल्या, त्याही कळीच्या रचनेवरून गोव्याच्याच घराण्यातील होत, असे अनेक शस्त्राभ्यासकांचे मत आहे.

बंदुकीची सारी अब्रू नळीत असते. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदलेली रीत अशी की, लोखंड ठोकून सपाट करावयाचे, ते तिरकस पिळत गुंडाळावयाचे, आणि वेढ्यांच्या कडा नुसत्या टेकवून न ठेवता एकावर एक चढवून, आच हळूहळू वाढवीत, सांधावयाच्या. त्यामुळे बाराचा दाब एका उभ्या सांध्यावर न येता साऱ्या वेढ्यांत वाटला जातो आणि नळी फुटण्याचे भय कमी होते. या विद्येचे मर्म ते हेच.

स्पेनच्या उत्तरेस बास्क प्रदेशातही, खनिज लोखंड, रानातला कोळसा आणि वेगवान ओढे यांच्या आधाराने, अशीच लोहविद्या वाढली. देबा नदीच्या खोऱ्यातील प्लासेन्सिया येथे 1573 साली राजाचा शस्त्रकारखाना उभा राहिला, आणि नळी घडवणारे, कळ घडवणारे, बारीकसारीक सामान जुळवणारे व लाकडी दस्ता कोरणारे अशा चार कारागीर-संघांत काम वाटले गेले. बिस्काय प्रांतातील घोड्यांच्या झिजलेल्या नालांचे लोखंड तर इतके चिवट मानले गेले की माद्रिदचे राजमान्य बंदूककार उत्तम नळीसाठी तेच पसंत करीत. शेजारच्या एइबार गावी शिकारीची उंची दुनळी आजही हातानेच जुळवली जाते: कारागीर पोलादी भागास काजळी फासतो, तो अक्रोडाच्या लाकडावर दाबतो, जेथे काळा डाग उमटेल तेवढेच लाकूड पटाशीने खरवडतो, आणि दोहोंच्या मध्ये केसाइतकीही फट राहणार नाही तोवर हेच पुनःपुन्हा करतो. या गावात 1912 साली बंदूककामाची शाळा स्थापन झाली. ज्यादा दारूच्या बाराने प्रत्येक नळी पारखून तिच्यावर शिक्का उठवणारी कसोटीशाळाही तेथे आहे.

आपल्याकडे 1878 च्या हत्यार कायद्याने बंदूक घडवणे, विकणे आणि बाळगणे परवान्याच्या बंधनात आणले, आणि विलायती कारखान्यांच्या मालापुढे लोहाराची भट्टी टिकली नाही. गोव्याच्या उस्तादाचा हात एइबारच्या हातापेक्षा उणा नव्हता. उणी होती ती त्या हाताला शिकवणारी शाळा, त्याचे काम पारखणारी कसोटी आणि त्याची रीत लिहून ठेवणारी लेखणी. पहिल्या दोन आता निर्माण होणे नाही. परंतु पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जतन झालेल्या जुन्या बंदुकांच्या नळ्या अभ्यासकांनी पिळापिळाने तपासाव्यात, आणि रंजक, काना, तोडा, चाप ही बंदूककामातील नावे ज्यांच्या तोंडी अजून आहेत त्या वृद्ध लोहारांकडून ती उतरवून घ्यावीत, एवढे कर्तव्य मराठी इतिहासावर खचित उरले आहे.